इंग्लिशमधला शब्दक्रम आणि बोलण्यातला ठेका

"हिअर कम्स द बस" चालतं, पण "हिअर कम्स ही" म्हटलं की कानाला खटकतं, तिथे "हिअर ही कम्स"च लागतं. शाळेत कर्ता-क्रियापद-कर्म इतकं घोकून घेतलंय की हा अपवाद वाटतो, पण अशी खोड हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्येही होती.

त्या जुन्या इंग्लिशला विभक्तीचे प्रत्यय होते, म्हणजे आपल्यासारखंच, रामाने रावणाला मारलं काय नि रावणाला रामाने मारलं काय, मेला रावणच. मग कोणी कुठे बसायचं हे बरंचसं वजनावर ठरायचं. सर्वनामं हलकी, त्यांच्यावर जोर नसतो, ती पटकन पुढे सरकायची आणि लांबलचक मजकूर शेवटी जायचा. वाक्य दुसऱ्याच एखाद्या शब्दाने सुरू झालं तर नाम असलेला कर्ता बहुतेकदा क्रियापदानंतर यायचा, सर्वनाम मात्र आधीच घुसायचं ('तेव्हा' अर्थाचा 'था' सुरुवातीला असला की मात्र तेही गपगुमान नंतर).

ही सवय नुसती इंग्लिशची नाही. 1892 मध्ये याकोब वाकरनागेल या स्विस पंडिताने दाखवलं की ग्रीक, संस्कृत वगैरे भाषांत असे हलके शब्द वाक्यात दुसरी जागा पकडतात. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल, मे, ते, च यांनी वाक्य सुरू करता येत नाही. पुढे 1933 मध्ये हान्स कून या जर्मन अभ्यासकाने जुन्या जर्मॅनिक (इंग्लिश, जर्मन वगैरेंचं कूळ) कवितेत जवळपास हाच प्रकार मांडला.

आता गंमत अशी की ज्या ठेक्याने, म्हणजे कशावर जोर द्यायचा नि कशावर नाही या सवयीने, हा क्रम सांभाळला त्यानेच तो मोडायलाही हात लावला. जर्मॅनिक भाषांत जोर साधारणपणे शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, त्यामुळे शेवट पुटपुटला जायचा. दगडाला 'स्टान', अनेकवचनात 'स्टानास', 'स्टानुम' वगैरे, त्यातले आ, उ झिजून एकच मिळमिळीत स्वर उरला आणि विभक्ती ओळखायची सोय गेली. मग कर्ता कोण हे जागेवरूनच ठरवणं भाग पडलं. लोक या झिजेचं सगळं खापर 1066 च्या नॉर्मन स्वारीवर (फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं ती) फोडतात, ते मला पटत नाही, कारण झीज त्याआधीच्या हस्तलिखितांतही दिसते, आणि इंग्लंडच्या उत्तरेत नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) बोलणाऱ्यांच्या शेजाराचाही त्यात हात मानतात. 1154 पर्यंत चाललेल्या पीटरबरो क्रॉनिकल या इंग्लिश बखरीच्या शेवटच्या नोंदींत तर प्रत्ययांचा पार चुराडा झालाय.

वजनाचा हिशोब तरी सुटला नाहीच, "पिक अप द बुक" म्हणा की "पिक द बुक अप", दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की फक्त "पिक इट अप".