रिसीव्हर म्हणजे फक्त कानाकडचा भाग

अमळनेरला आजोबांच्या घरी काळा, डायल फिरवायचा फोन होता. आत्याचा ट्रंक कॉल आला की आजी पहिलं जोरात "ऐकू येस का?" विचारायची, मग बाकीचं. त्या अख्ख्या दांड्यालाच आम्ही रिसीव्हर म्हणायचो, पण मुळात रिसीव्हर म्हणजे नुसता कानाला लावायचा भाग. जुन्या उभ्या फोनला तो सुटाच असायचा, बाजूला हुकवर टांगलेला, आणि बोलायचं ते समोरच्या भोंग्यात. पुढे दोन्ही एका दांड्यात आले, नाव मात्र एकाचंच उरलं.

याची सुरुवातच खऱ्या कानापासून झाली, मला तर ही गोष्ट फार आवडते. ग्रॅहम बेल बहिऱ्या मुलांना शिकवायचा, त्याच्या आईलाही नीट ऐकू यायचं नाही. 1874 मध्ये त्याने मेलेल्या माणसाचा कान घेऊन त्याच्या हाडाला गवताची काडी लावली आणि काजळी धरलेल्या काचेवर आवाजाच्या रेघा काढल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एवढासा पातळ पडदा त्याच्या मानाने जड हाडं हलवतो, मग मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का नाही हलवणार? 1876 ला पेटंट मिळालं. सुरुवातीला बोलायला आणि ऐकायला एकच यंत्र, आधी तोंडाशी धरायचं मग कानाला लावायचं. नंतर एडिसनचा कार्बनचा ट्रान्समीटर आला आणि बोलायची बाजू बदलली, ऐकायची बाजू मात्र कितीतरी वर्षं जवळपास तशीच राहिली.

भुसावळला भंगारात मिळालेला एक जुना रिसीव्हर मी खोलला होता. टोपी फिरवून काढली तर आत पातळ लोखंडी चकती, मागे चुंबक आणि त्याच्यावर बारीक तारेची कॉइल, बस. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे करंट कमीजास्त होतो, तशी चुंबकाची ओढ कमीजास्त होते, चकती थरथरते, हवा हलते. कायमचं चुंबक लागतंच, कारण ते नसेल तर करंट उलटसुलट कसाही वाहिला तरी चकती आतच ओढली जाणार, म्हणजे कंपनं दुप्पट आणि आवाजाचा पार विचका.

कॉइलचं चुंबकत्व थोडं बाहेरही पसरतं. आजोबांच्या कानातल्या मशीनला टी लिहिलेलं बटण होतं, ते दाबलं की आतली छोटी कॉइल तेच पकडायची, आसपासचा गोंगाट बंद आणि आत्याचा आवाज सरळ कानात.