संरक्षण आदेश (नाशिक जिल्हा)

घरातल्याच माणसाकडून होणाऱ्या छळापासून स्त्रीला वाचवण्यासाठी न्यायदंडाधिकारी जो मनाई हुकूम देतात, तो संरक्षण आदेश. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याच्या कलम १८ खाली तो मिळतो. कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे. कोर्टकचेरीच्या बोलीत अशा प्रकरणाला ‘डीव्ही’ (डोमेस्टिक व्हायोलन्स, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार) म्हणतात.

हा अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. तो दिला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. शिक्षेचा प्रश्न आदेश मोडला तरच येतो. ‘कोर्टात गेले तर तो तुरुंगात जाईल, मग घर कसं चालेल’ या धास्तीने अनेक जणी वर्षानुवर्षे गप्प राहतात, म्हणून हे आधीच सांगितले पाहिजे.

अर्ज कोणाचा, कोणाविरुद्ध

पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहिलेली स्त्री, अशा सगळ्यांना हा अर्ज करता येतो. मूळ कायद्यात गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, ‘प्रौढ पुरुष’च असावा असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात ते काढून टाकले. त्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही दाद मागता येते.

मराठीत ‘नांदणे’ हा शब्द सुखाने राहण्यालाही वापरतात आणि सासरी राहण्यालाही. त्यामुळे ‘ती नांदत नाही’ हे वाक्य बाईवरच्या आरोपासारखे ऐकू येते. कायदा मात्र ती नांदते की नाही हे पाहत नाही. छळ झाला तेव्हा ती त्या घरात राहतच असली पाहिजे असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रभा त्यागी प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट झाले. माहेरी परतलेली स्त्रीही अर्ज करू शकते.

कोणत्या कोर्टात

कलम २७ नाशिकसारख्या जिल्ह्यात फार मोलाचे आहे. स्त्री कायम राहते तिथे, तात्पुरती राहते तिथे, ती काम करते तिथे, गैरअर्जदार राहतो तिथे किंवा छळ घडला तिथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. पेठ-सुरगाण्यातून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येणाऱ्या मजूर बाईला अर्जासाठी गावी परतावे लागत नाही. जिथे छाटणीचे काम चालू आहे, तिथले कोर्ट तिचे कोर्ट. सासर पुण्याला आणि माहेर सिन्नरला असेल, तर सिन्नरलाही चालते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात काम करणारी किंवा सिडकोत भाड्याने राहणारी स्त्री नाशिक शहरात, सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात येते. मिळालेला आदेश भारतभर लागू राहतो.

अर्ज कसा होतो

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्याकडून करणे सोपे पडते. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते नमुना १ मध्ये ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरतात आणि अर्ज नमुना २ मध्ये तयार होतो. स्वतः किंवा वकिलामार्फत थेट कोर्टातही जाता येते. अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही (दूरध्वनी १५१००). तातडीच्या वेळी ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

नमुना १ एकदा निवांत वाचावा. त्यात थप्पड, चावा, ढकलणे हे आहेच, पण चारित्र्यावर संशय, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, नोकरी करू न देणे, पगार काढून घेणे, भाडे किंवा वीजबिल न भरणे, आत्महत्येची धमकी देणे हेसुद्धा आहे. ‘मारलं तर नाही ना त्यानं’ असे घरचे ज्याला म्हणतात, तेही कायद्याने हिंसाच धरली आहे.

लिहिताना मोघमपणा घात करतो. ‘वारंवार मारहाण करतात’ या वाक्याने न्यायाधीशांपुढे काहीच उभे राहत नाही. ‘संक्रांतीच्या आदल्या रात्री, जेवणाला उशीर झाला म्हणून उलथने फेकून मारले, डाव्या कोपराला लागले, शेजारच्या काकू आल्या’ असे लिहिले की प्रसंग दिसतो. दवाखान्याचा कागद, पोलीस ठाण्यातली एनसीची (अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीची) प्रत, मोबाइलवरचे मेसेज, स्त्रीधनाची यादी जोडावी. मोबाइल नवऱ्याच्याच हातात असेल तर मेसेज आधी बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवावेत.

काय मागायचे

कलम १८ खाली न्यायालय गैरअर्जदाराला हिंसा करण्यास किंवा करवण्यास, स्त्रीच्या कामाच्या जागी अथवा मुलाच्या शाळेत जाण्यास, फोन-मेसेज-चिठ्ठी कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास, बँक खाते किंवा लॉकर वापरण्यास, स्त्रीधन व मालमत्ता विकण्यास आणि तिला मदत करणाऱ्या नातलगांना त्रास देण्यास मनाई करू शकते. यांतले जे हवे ते अर्जात नेमके मागावे. शाळेचे नाव, बागेचा किंवा कंपनीचा पत्ता, खाते क्रमांक लिहिला तर आदेशातही तो उतरतो, आणि उद्या पोलिसांना तोच दाखवता येतो.

राहण्याचा हक्क (कलम १९), खर्च व पोटगी (२०), मुलांचा ताबा (२१) आणि भरपाई (२२) याच अर्जात मागता येतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून राहण्याचा हक्क जात नाही. सतीशचंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा मुद्दा निकाली काढला. मात्र शिक्षेचे कलम ३१ ‘संरक्षण आदेश’ आणि ‘अंतरिम संरक्षण आदेश’ (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) एवढेच शब्द वापरते, म्हणून मनाईच्या अटी कलम १८ खालीच स्वच्छ मागून घेणे शहाणपणाचे.

तारखा

कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली निघण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, गैरअर्जदार पत्ता बदलतो, तारखा वाढत राहतात. म्हणूनच कलम २३ चा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागावा. नमुना ३ मधल्या शपथपत्रावर समाधान झाल्यास न्यायालय समोरच्याला न ऐकताही एकतर्फी आदेश देऊ शकते. वकिलाला याची आठवण करून देण्यात संकोच करू नये.

आदेश मिळाल्यावर

प्रत मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. तरीही एक प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत, एक कामावर, एक मुलाच्या मुख्याध्यापकांकडे ठेवावी. आदेश मोडणे हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ३२ प्रमाणे पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा झाल्याचा निष्कर्ष काढू शकते. दाराच्या आत घडलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार कुठून आणणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

आदेश पटला नाही तर कोणत्याही पक्षाला ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. एरवी संरक्षण आदेशाला ठरलेली मुदत नसते. स्त्री स्वतः तो उठवण्यासाठी अर्ज करीपर्यंत तो चालू राहतो, आणि परिस्थिती बदलली असे कोर्टाला पटले तरच तो बदलता किंवा रद्द करता येतो. नातेवाइकांच्या बैठकीत ‘आता मिटलं’ असे ठरल्याने तो संपत नाही.