काळा सिगार म्हणजे कडक सिगार? तसं काही नाही

'जितका काळा, तितका कडक.' सिगारच्या दुकानात हे हमखास ऐकू येतं, आणि ते चूक आहे.

आपल्याला रंग दिसतो तो फक्त बाहेर गुंडाळलेल्या पानाचा. 'मादुरो' म्हणतात ते गडद पान जास्त काळ आंबवलेलं असतं. त्यामुळे ते काळपट होतं आणि बऱ्याचदा गोडसर लागतं. कडकपणा, म्हणजे निकोटिनचा जोर, ठरतो तो आत भरलेल्या पानांवर. क्यूबात रोपावरची पानं खालून वर व्होलादो, सेको, लिहेरो अशी ओळखली जातात. शेंड्याकडच्या लिहेरोला ऊन सगळ्यात जास्त मिळतं, म्हणून ते जाड, तेलकट आणि निकोटिनने भरलेलं असतं. (गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये 'लिहेरो'चा अर्थ 'हलका'!) ते सावकाश जळतं, म्हणून कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो, कडेला गेलं तर सिगार एका बाजूने जळत सुटतो. वरून फिकट दिसणाऱ्या सिगारातही लिहेरो ठासलेलं असू शकतं.

कडक म्हणजे चवींची रेलचेल, हेही खरं नाही. कडक सिगार असाही असू शकतो: मिरीचा झणका, थोडी मातकट चव, आणि शेवटपर्यंत तेवढंच. ठेचा-भाकरीत कुणी सोळा चवी शोधतं का? मला तरी असाच सिगार आवडतो.

आणि धूर छातीत ओढत नाही म्हणून निकोटिन लागत नाही, असंही समजू नका. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं. उपाशीपोटी ओढून बघणाऱ्याला दरदरून घाम फुटतो, तो त्यामुळेच.