दोन पाटील आणि एक गुणसूत्र

कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडा. एकाच वर्गात चार-पाच पाटील, दोन-तीन जाधव आणि एखादा कुलकर्णी सापडायला हरकत नाही. गुरुजींना त्याचं नवल नसतं, ते पोरांना बापाच्या नावावरून ओळखतात. आनुवंशशास्त्रज्ञ मात्र त्या यादीपाशी थबकेल. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषाच्या पेशीतलं वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जातं. बाकीच्या गुणसूत्रांची आईबापांमध्ये होते तशी सरमिसळ त्याच्या बहुतेक भागात होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या किरकोळ बदल तेवढे साचत जातात. मग एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र मिळतंजुळतं असायला हवं, नाही का?

ब्रिटनमध्ये हे तपासून झालंय. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाचे, पण आपल्याशी नातं ठाऊक नसलेले पुरुष गाठले. ४८ नमुन्यांपैकी २१ जणांचं वाय गुणसूत्र एकाच ठशाचं निघालं. म्हणजे साइक्स हे आडनाव बहुधा काही शतकांपूर्वी एकाच माणसापासून सुरू झालं असावं. उरलेले नमुने का जुळले नाहीत? कुठे दत्तक, कुठे आईचं आडनाव लावलेलं, कुठे विवाहबाह्य संतती. साइक्स यांच्या हिशेबानं पिढीमागे अशी फारकत सरासरी १.३ टक्के, पण शतकानुशतकं ती साचत जाते. पुढे लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी अनेक आडनावं तपासली. अॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांमध्ये गुणसूत्र घट्ट जुळलं, स्मिथ मंडळींत काहीच जुळेना. कारण उघड आहे. स्मिथ म्हणजे लोहार, आणि भाता इंग्लंडच्या गावोगावी होता.

आता आपल्या हजेरीपटाकडे येऊ. पाटील हे इंग्लंडच्या स्मिथपेक्षाही मोकळंढाकळं आडनाव आहे, कारण मुळात ते आडनावच नव्हे, हुद्दा आहे. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत दिसणारा ‘पट्टकिल’ झिजत झिजत पाटील झाला. ज्या घराकडे गावची पाटीलकी, ते घर पाटील. मग ते मराठा असो, लिंगायत असो, जैन असो, आगरी असो की मुसलमान. महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद १९६२च्या कायद्यानं गेलं, आडनाव मागे राहिलं. शेजारच्या दोन गावांतल्या पाटलांची वाय गुणसूत्रं जुळली तर तो भावकीचा नाही, योगायोगाचा भाग समजावा. कुलकर्ण्यांचंही तेच. गावचं दप्तर सांभाळणारा तो कुलकर्णी. जितकी दप्तरं तितकी घराणी. देशमुख, देशपांडे, चौगुले, खोत, इनामदार ही सगळी याच रांगेतली.

या हुद्द्यांच्या खाली बहुतेक वेळा आणखी एक आडनाव दबलेलं असतं. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. नाना फडणविसांचं घराणं भानूंचं. हुद्दा तीन-चार पिढ्या घरात टिकला की मूळ नाव लग्नाच्या बोलणीपुरतं उरतं. चिटणीस, फडणीस, वाकनीस, पारसनीस, हसबनीस यांच्या शेपटाला असलेला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. वाकनीस घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवायचा, पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघायचा, हसबनीस हिशेब. आज अस्सल मराठी म्हणून मिरवणारी ही नावं दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांतून चालत आली आहेत. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. कारभाराची भाषा फारसी होती आणि कारभार करणारी माणसं इथली होती, एवढाच त्याचा अर्थ.

‘कर’वाल्यांची गोष्ट निराळी. सातारकर हे नाव साताऱ्यात राहून काय कामाचं? तिथे सगळेच सातारकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा तिथले लोक त्याला या नावानं हाक मारतात. म्हणून ‘कर’ हा बहुधा गाव सोडल्याचा दाखला असतो. एखाद्या कर-आडनावाची घरं नकाशावर मांडली तर मूळ गाव सापडण्याऐवजी तिथून निघालेल्या माणसांच्या वाटा सापडण्याची शक्यता जास्त. त्यातही चिंचोली, वडगाव, पिंपळगाव या नावाची गावं महाराष्ट्रात पायलीला पन्नास. दोन वडगावकर एकाच वडगावचे असतील याचीसुद्धा खात्री नाही, एका रक्ताचे असणं दूरच. (गावकर हा मात्र यात मोडत नाही. ‘गाव’ नावाच्या गावाचा रहिवासी नव्हे, तर कोकण-गोव्यात गावच्या जमिनीत मान आणि वाटा असलेला तो गावकर.)

शिवाय हे आडनाव हवं तेव्हा नवं घेता येतं. दीनानाथ मंगेशकरांचे वडील हर्डीकर; दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर नाव लावलं, आणि पुढच्याच पिढीत ते घराघरांत पोचलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते आंबेडकर म्हणून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत पुष्कळ घरांत आडनाव ही पक्की गोष्ट नव्हतीच. ते पक्कं केलं शाळेच्या दाखल्यानं, कोर्टाच्या कागदानं, पलटणीच्या आणि रेल्वेच्या नोंदवहीनं. कारकुनानं जे लिहिलं ते कायमचं झालं. आपल्या आडनावाची खरी जन्मतारीख अशाच एखाद्या वहीत असते, असं माझं मत आहे.

गोव्यात हा प्रकार आणखी ठळक दिसतो. बोरीचे बोरकर, शिरोड्याचे शिरोडकर, काकोड्याचे काकोडकर, पर्राचे पर्रीकर, ही सरळ ओळख. पण पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना आडनाव मिळालं ते बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा. गोव्यातल्या हजारो फर्नांडिसांच्या पूर्वजांत फर्नांदो नावाचा कुणी नसेलही. गावातले जुने शेजारी एक हिंदू, एक ख्रिस्ती. आडनावांत समुद्राएवढं अंतर, आणि वाय गुणसूत्र कदाचित एकच.

मला सगळ्यांत रंजक वाटतात ते रायगडातले बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवारतेली म्हणत. धर्म यहुदी, भाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि ही गावंही सोबत गेली. तिकडे जन्मलेल्या आणि किहीम कधी न पाहिलेल्या मुलांच्या नावातही किहीम आलं. त्यांच्या डीएनएचा सविस्तर अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर प्रमाणात सापडले. परंपरा सांगते की पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, आडनाव सांगतं की ते कुठल्या गावात रुजले, आणि गुणसूत्रं सांगतात की इथल्या माणसांत ते मिसळले.

राजघराण्यांशी नातं सांगणाऱ्या आडनावांचा विषय जरा नाजूक आहे. यादवचा जाधव होणं आणि शिलाहारचा शेलार होणं भाषेच्या नियमात चोख बसतं. प्राकृतात शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतोच. पण नाव नियमानं बनलं म्हणजे वंश सिद्ध झाला असं नाही. राजाचं नाव त्याचे सरदार, शिलेदार आणि रयतही लावत असे.

आता उलटा प्रश्न. नवी आडनावं येणं बंद झालं तर काय होईल? १८७३ साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी हे गणित एका इंग्रजी नियतकालिकात कोडं म्हणून मांडलं. बडी इंग्रज घराणी निर्वंश का होतात, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यानं उत्तर दिलं आणि १८७४ साली दोघांचा निबंध आला. दर पुरुषामागे मुलगे सरासरी एक किंवा त्याहून कमी असतील तर ते आडनाव कधीतरी बुडणारच. वॉटसन यांनी पुढे जाऊन सगळीच आडनावं बुडतील असाही निष्कर्ष काढला, तो चुकीचा होता. सरासरी एकाच्या वर गेली की काही आडनावं तरतात. पण किती? १९३१ साली लोकसंख्येचे गणिती आल्फ्रेड लोटका यांनी अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या १९२०च्या जनगणनेवरून हिशेब मांडला. लोकसंख्या वाढत असतानाही एका पुरुषापासून निघालेली शाखा बुडण्याची शक्यता ८२ टक्क्यांच्या आसपास आली. चीनमध्ये याचा परिणाम दिसतो. तिथे आडनावं दोन हजारांहून जास्त वर्षं वापरात आहेत, आणि आता शंभर आडनावांत ८० टक्क्यांहून अधिक लोक मावतात. जपानात सामान्य माणसाला आडनाव लावणं १८७५ साली सक्तीचं झालं. तिथे लाखावर आडनावं आहेत. आपल्याकडचा गाढवे, टकले, दहीभाते, वाघमारे असा रंगीबेरंगी बाजार बघता मराठी आडनावं जपानच्या बाजूची, वयानं कोवळी वाटतात. कुटुंबं लहान झाल्यावर त्यांचं काय होतं, ते आपले नातू-पणतू बघतील.

आडनावांचा आणखी एक शास्त्रीय उपयोग आपल्याकडे आल्यावर साफ फसतो, आणि तो कसा फसतो हे पाहण्याजोगं आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांची पत्नी एम्मा ही सख्खी आतेमामेभावंडं. त्यांचा मुलगा जॉर्ज यानं १८७५ साली असा विचार केला, की नवरा-नवरीचं लग्नाआधीचं आडनाव एकच असेल अशी लग्नं मोजली, तर देशात भावंडांमधली लग्नं किती होतात याचा अंदाज येईल. १९६५ साली क्रो आणि मँगे या आनुवंशशास्त्रज्ञांनी त्याचं सूत्र बनवलं. समान आडनावाच्या लग्नांच्या प्रमाणाला चारानं भागा, समाजातल्या अंतःप्रजननाचा, म्हणजे रक्ताच्या नात्यातून होणाऱ्या संततीचा, आकडा हाती येतो.

हे सूत्र घेऊन महाराष्ट्रात या. एका कुळीत, एका देवकात, एका गोत्रात लग्न नको हा आपला दंडक. त्यामुळे अनेक जातींत समान आडनावाची लग्नं जवळपास शून्य. सूत्र म्हणेल, इथे नात्यातली लग्नं होतच नाहीत. आणि तिकडे मामाची मुलगी करायची चाल अनेक समाजांत रूढ, आत्याच्या घरी भाची सून म्हणून आनंदानं जाते. मामाचं आडनाव भाच्याहून वेगळंच असतं, म्हणून मोजणीत असं लग्न सापडत नाही. जनुकांना मात्र आडनाव वाचता येत नाही. मामेबहिणीशी लग्न झालेल्या जोडप्याच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक. चुलतभावंडांच्या अपत्यातही ती तेवढीच, पण ते लग्न आपण निषिद्ध धरतो. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेवरच्या आपल्या कामात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण पद्धतींच्या मधला मुलूख म्हटलं, ते याचसाठी. आडनावाचा नियम उत्तरेचा आणि मामाची मुलगी दक्षिणेची.

दत्तकाचा परिणाम मात्र उलटा. वंश चालवायला मूल शक्यतो भावकीतलं घेत, म्हणजे त्याचं वाय गुणसूत्र बहुधा तेच. साइक्सांच्या नमुन्यांत दत्तकानं जी गळती झाली असेल, ती आपल्या वतनदार घराण्यांत त्या मानानं कमी असावी.

या सगळ्या हिशेबात बायका कुठे आहेत? सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावं लावत. गौतमी, वासिष्ठी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं. नाशिकच्या लेण्यातला लेख वाचताना राजाची आई कुठल्या गोत्राची तेही कळतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव सक्तीचं केलंय. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. यातलं आईचं नाव पुढच्या पिढीत गळतं आणि नव्या आईचं येतं, त्यामुळे मातृवंशाचा धागा त्यातून सलग मिळणार नाही. तो हवा असेल तर पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासायचा. तो आईकडूनच येतो, मुलगा असो वा मुलगी, आणि पुढे फक्त मुलीमार्फत जातो.