पक्ष घेतलेली नजर: फुटबॉल, युद्ध आणि न्यायाचा हिशेब

रशियाचे सैन्य २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये घुसले आणि चारच दिवसांनी जागतिक फुटबॉलची फिफा व युरोपीय फुटबॉलची युएफा या दोन्ही संघटनांनी रशियाचे राष्ट्रीय संघ आणि क्लब सर्व स्पर्धांतून निलंबित केले. तेव्हापासून जगभरच्या फुटबॉलप्रेमींमध्ये समाजमाध्यमांवर पेटलेला वाद अजून विझलेला नाही. रशियाला हा न्याय लावला, मग २००३ साली इराकवर स्वारी झाली तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांना का लावला नाही? गाझातील युद्धानंतर इस्राएलला का नाही? हे प्रश्न विचारणारी आणि त्यांवर तुटून पडणारी मंडळी आदल्या रात्री बहुधा एखाद्या पेनल्टीवरून भांडत असतात, आणि दोन्ही भांडणांतील शब्दही तेच असतात: पक्षपात, दुटप्पीपणा, विकले गेलेले पंच, विकली गेलेली माध्यमे. हे साम्य वरवरचे नाही. मैदानावरचा अन्याय आणि दूरच्या युद्धातला अन्याय मोजताना आपले मन बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने काम करते, आणि मोजणी सुरू होण्याआधीच ते एका बाजूला झुकलेले असते, असे गेल्या सत्तर वर्षांतील मानसशास्त्रीय प्रयोग सांगतात.

यांपैकी सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यातून जन्मला. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या शिक्षणसंस्थांचे संघ समोरासमोर आले. खेळ इतका आडदांड झाला की प्रिन्स्टनचा नामांकित खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर पडला आणि पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने सामना जिंकला, परंतु दोन्हीकडच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत जणू दोन निराळ्याच सामन्यांची वर्णने छापून आली. डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी मग दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच चित्रफीत दाखवली आणि दिसेल तो प्रत्येक नियमभंग नोंदवायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना तेच दृश्य पाहून स्वतःच्या संघाचे ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या संघाचे नियमभंग मात्र दोन्ही गटांनी जवळपास सारखेच, चारच्या किंचित वर, मोजले. म्हणजे मतभेद सरसकट नव्हता. एका संघाच्या वागण्याबाबत दोन्ही गटांचा हिशेब जुळला आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो दुपटीहून अधिक फरकाने फसला. विद्यार्थी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले. सामना अशी एकच वस्तू बाहेर अस्तित्वात नसते, जितके प्रेक्षक तितके सामने असतात, या अर्थाचा त्या दोघांचा निष्कर्ष मला टोकाचा वाटतो, कारण मोडलेले नाक आणि मोडलेला पाय कोणाच्याही नजरेवर अवलंबून नव्हते. तरीही नियमभंग झाला की नाही हे ठरवण्याआधीच आपण कोणाकडे आणि किती वेळ पाहायचे हे ठरवलेले असते, एवढे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

बाजू घेण्यासाठी फार मोठे कारण लागत नाही, हे हेन्री ताइफेल यांनी ब्रिस्टलमध्ये दाखवले. पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले ताइफेल दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांचे युद्धकैदी झाले होते आणि परतल्यावर त्यांना आपले जवळपास सारे कुटुंबीय मारले गेल्याचे कळले होते. माणसे गट पाडून एकमेकांशी अशी का वागतात, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. १९७०च्या सुमारास त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. एका प्रयोगात मुलांना सांगण्यात आले की, पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे त्यांना अधिक आवडली यावरून हे गट पडले आहेत. प्रत्यक्षात ही विभागणी यादृच्छिक होती. गटातील इतर मुले कोण आहेत हेही कोणाला ठाऊक नव्हते. तरीही इतरांना पैसे वाटून देण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, दोन्ही गटांना जास्त रक्कम मिळेल असा पर्याय समोर असताना अनेकांचा कल आपल्या गटाला थोडी कमी रक्कम मिळाली तरी चालेल, पण समोरच्या गटापेक्षा ती जास्तीत जास्त अंतराने पुढे असावी, या पर्यायाकडे होता. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने पाहणाऱ्यांना आणि विश्वचषकाच्या दिवसांत तिथे पेठापेठांत पडणारे अर्जेंटिना व ब्राझील असे तट पाहिलेल्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. ज्या देशाचे दर्शनही घडलेले नाही त्याच्यासाठी माणूस मनापासून रडू शकतो, आणि त्याच मनाने समोरच्या तटाचा आनंद त्याला सहन होत नाही.

एकदा तट ठरला की निःपक्षपाती माणूसही विरोधी वाटू लागतो. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतमधील साब्रा आणि शातिला येथे इस्राएलच्या मित्र असलेल्या लेबनी ख्रिस्ती सशस्त्र गटाने पॅलेस्टिनी निर्वासितांचे हत्याकांड केले. त्यासंबंधीच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दाखवल्या. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बातम्या त्याच, पण अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना इस्राएलसंबंधीचे ४२ टक्के उल्लेख अनुकूल वाटले, तर इस्राएलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना केवळ १६ टक्के. हे वार्ताहर समोरच्यांना सामील आहेत, अशी दोन्ही गटांची खात्री होती. या अभ्यासातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे: ज्यांना त्या संघर्षाची माहिती अधिक होती त्यांना पक्षपातही अधिक जाणवला. अधिक वाचले की नजर आपोआप निवळते, हा आपला आवडता समज इथे टिकत नाही. जाणकाराला प्रत्येक बातमीतून गाळलेला संदर्भ आठवतो, आणि आठवणारा संदर्भ बहुधा त्याच्याच बाजूचा असतो.

मग पंचांचे काय? त्यांना तर कोणत्याच संघाशी देणेघेणे नसते. अॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील ४७ झटापटींची चित्रफीत दाखवण्यात आली. काहींना प्रेक्षकांचा गोंगाट ऐकू येत होता आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हते. गोंगाट ऐकणाऱ्या पंचांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनमधील साखळी सामन्यांच्या अभ्यासातही असेच आढळले की यजमान संघ एका गोलाने मागे असेल तर पंच अखेरीस अधिक भरपाई वेळ देतात, आणि तो एका गोलाने पुढे असेल तर कमी. पुढे कोविडच्या साथीने एक असा प्रयोग घडवून आणला जो कोणत्याही संशोधकाला घडवता आला नसता. मे २०२० पासून युरोपातील सामने रिकाम्या स्टेडियमवर सुरू झाले, आणि पाहुण्या संघांना यजमानांपेक्षा अधिक पिवळी कार्डे मिळण्याचा जुना कल लक्षणीयरीत्या ओसरला. पंच विकले गेलेले नव्हते. अनिश्चित क्षणी मेंदू मिळेल तो संकेत वापरतो, आणि हजारो कंठांतून निघालेला आवाज हा फारच मोठा संकेत असतो. चित्रफीत पाहून पंचांचे निर्णय तपासणाऱ्या व्हीएआर या पद्धतीने हा प्रश्न कायमचा मिटेल, अशी २०१८च्या विश्वचषकावेळी अनेकांना आशा होती. ऑफसाइडच्या रेषेबाबत ती बरीच खरी ठरली. परंतु धक्का हेतुपुरस्सर होता का, किती जोराचा होता, हे यंत्र सांगत नाही. उलट तीच झटापट संथ गतीने पाहणारे पंच अधिक कठोर शिक्षा देतात असे आढळले आहे, कारण संथ चित्रात खेळाडूला विचार करायला प्रत्यक्षात नसलेला वेळ होता असे भासते.

फाउल कशाला म्हणायचे याबाबत एकमत होत नाही, तसेच राजकारण कशाला म्हणायचे याबाबतही होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ग्लासगो येथे हापोएल बेअर शेवा या इस्राएली संघाविरुद्धच्या सामन्यात सेल्टिकच्या चाहत्यांनी पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावले. मैदानावर राजकीय चिन्हांना मनाई करणाऱ्या नियमाखाली युएफाने क्लबला दंड केला. चाहत्यांनी उत्तरादाखल पॅलेस्टिनी सेवासंस्थांसाठी एक लाख सत्तर हजार पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या खेळाडूंनी पहिल्या महायुद्धापासून युद्धमृतांच्या स्मृतीचे चिन्ह मानले जाणारे लाल पॉपीचे फूल बाहीवरील पट्टीवर मिरवले आणि फिफाने त्यांच्या फुटबॉल संघटनांनाही दंड केला. ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली, कारण तिथल्या बहुसंख्यांना ते फूल राजकीय वाटतच नाही. पुढच्या वर्षी फिफाने नियम सैल केला. आपल्या गटाचे चिन्ह म्हणजे श्रद्धा आणि दुसऱ्याचे चिन्ह म्हणजे राजकारण, ही वाटणी इतकी सहज होते की ती करणाऱ्याला कळतही नाही. भारतीय चाहत्यांनाही हा अनुभव आला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने त्रयस्थ हस्तक्षेपाचे कारण देऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, कारण त्याचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे होता. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठले आणि सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे पार पडला. परंतु आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला न खेळताच परतावे लागले. बेशिस्त कारभाराला न्यायालयाने घातलेला आळा हाच हस्तक्षेप ठरावा का, हा तेव्हा विचारला गेलेला प्रश्न रास्त होता असे मला आजही वाटते.

हे सारे वाचून दुटप्पीपणाचा प्रत्येक आरोप म्हणजे नजरेचा भ्रम, असा अर्थ कोणी काढू नये. तुलना करणे हा न्यायाचा पायाच आहे. प्रश्न असतो तो कोणत्या कसोटीवर तुलना करायची याचा. १९९२ साली युगोस्लाव्हियाला युरोपीय स्पर्धेतून वगळले गेले तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा निर्बंधांचा ठराव हाताशी होता (रिकाम्या जागी बोलावलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली). रशियाच्या बाबतीत असा ठराव नव्हता, आणि नकाराधिकार रशियाकडेच असल्यामुळे तो होणेही शक्य नव्हते. पोलंड, स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनी रशियाविरुद्ध खेळण्यास साफ नकार दिला, तेव्हा स्पर्धा चालणेच अवघड झाले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने जुलै २०२२ मध्ये रशियाची अपिले फेटाळताना युद्ध न्याय्य की अन्याय्य याचा निवाडा केला नाही. युद्धावर लोकांची आणि सरकारांची जी प्रतिक्रिया उमटली तिने निर्माण केलेल्या अभूतपूर्व परिस्थितीला संघटनांना तोंड द्यावे लागले, असे त्याने म्हटले. ही कसोटी मान्य केली तर एक कटू गोष्ट मान्य करावी लागते: ज्या आक्रमणाविरुद्ध शेजारी देश एकजुटीने खेळायला नकार देतात त्याला शिक्षा होते, आणि ज्याविरुद्ध ते खेळत राहतात त्याला होत नाही. म्हणून इराकचा किंवा गाझाचा प्रश्न विचारणारा चाहता केवळ विषय बदलत असतो असे म्हणता येत नाही. तो बदलत आहे की नाही हे ओळखायची एक खूण मात्र आहे. आपण मांडत असलेला नियम आपल्या आवडत्या देशालाही लागू करायला तो तयार आहे का?

समाजमाध्यमांवर अशी तयारी दाखवणाऱ्याला दाद कमी मिळते. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ट्विटरवरील पाच लाखांहून अधिक संदेश तपासले. संदेश फुटबॉलविषयी नव्हते; बंदूक-नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल हे त्यांचे विषय होते. नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटा असलेला प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो, आणि हा प्रसार मुख्यतः आपल्याच विचारांच्या लोकांत होतो, असे त्यांना आढळले. स्टेडियमच्या गोंगाटाने पंचावर पडणारा दबाव इथे बोलणाऱ्यावरच पडतो: कोणत्या वाक्यावर गर्दी गरजते हे त्याला लगेच कळते, आणि पुढचे वाक्य तो त्या दिशेने बोलतो.

तट रुंदावता येतात का, याचा एक प्रयोग मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात केला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघावरील प्रेमाबद्दल लिहायला लावले आणि मग दुसऱ्या इमारतीकडे जायला सांगितले. वाटेत एक माणूस धावताना घसरून पडे आणि घोटा धरून कण्हत राही. त्याच्या अंगात युनायटेडचा सदरा असला तेव्हा १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा असला तेव्हा १० पैकी ३. पुढच्या फेरीत चाहत्यांना एकूण फुटबॉलप्रेमी असण्याबद्दल लिहायला लावले, आणि लिव्हरपूलच्या सदऱ्यातील माणसासाठी १० पैकी ७ जण थांबले. संख्या लहान आहेत, पण फरक मोठा आहे, आणि त्यासाठी कोणाला आपला संघ सोडावा लागला नाही. साध्या, बिनखुणेच्या सदऱ्यातील माणसाच्या वाट्याला मात्र दोन्ही वेळा उपेक्षाच आली: पहिल्यांदा १२ पैकी ४ जण थांबले, दुसऱ्यांदा ९ पैकी २. एप्रिल २०२३ पासून चाललेल्या सुदानमधील युद्धाने एक कोटीहून अधिक माणसांना घर सोडायला लावले आहे, आणि तरीही फुटबॉलप्रेमींच्या न्याय-अन्यायाच्या वादांत त्याचे नाव क्वचितच निघते. यामागे हेच कारण असावे असा माझा तर्क आहे: त्या युद्धातील कोणत्याही बाजूचा झेंडा युरोपच्या स्टेडियममध्ये फडकत नाही, त्यामुळे त्याच्यावरून भांडायला कोणाचाच संघ मैदानात नसतो.