पुरुषसहभाग : स्त्रीहिंसा-प्रतिबंध (नाशिक जिल्हा)

स्त्रिया व मुली यांच्यावरील हिंसा घडण्याआधीच रोखण्याच्या कामात पुरुषांना व मुलग्यांना भागीदार करून घेणारे प्रयत्न. कायदा, पोलीस आणि आधारगृहे यांचे काम बहुधा हिंसा घडून गेल्यावर सुरू होते. पुरुषसहभागात तालीम, मित्रमंडळ, पार, कारखान्याचे गेट, वर्ग अशा पुरुषांच्या रोजच्या उठबशीच्या जागी जाऊन मर्दानगीच्या रूढ समजुतींना हात घातला जातो. नाशिक जिल्ह्यात या विषयाला शेतकरी चळवळ आणि जातपंचायतविरोधी लढा अशी दोन स्थानिक मुळे आहेत. शहरी संस्थांच्या प्रशिक्षणवर्गांइतकी त्यांची चर्चा झालेली नाही.

उगम : महाराष्ट्रातील पुरुषसहभागाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. एक मत तो सत्यशोधक परंपरेत शोधते. जोतीराव फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सत्यशोधक कामगार-नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, साधारणतः 1890 मध्ये, मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. एका रूढ क्रौर्याचे हत्यार ज्यांच्या हाती होते त्यांनीच ते खाली ठेवले, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे खरे. पण त्यात घरातल्या पुरुषाला, म्हणजे बापाला किंवा नवऱ्याला, फारसे काही सोडावे लागले नाही.

दुसरे मत संघटित कामावर भर देते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात ‘पुरुष उवाच’ हा अभ्यासगट सुरू झाला. पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी 1991 मध्ये वृत्तपत्रातून केलेल्या आवाहनाला 205 पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून 1993 मध्ये मुंबईत ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. बहुतेक लेखनात 1993 हेच वर्ष आरंभ म्हणून येते. नोंदणी, पत्रके, अहवाल असे कागद संघटनेपाशीच असतात, हेही त्याचे एक कारण असावे. जगभरच्या कालपटाशीही ते जुळते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे 6 डिसेंबर 1989 रोजी 14 स्त्रियांची हत्या झाल्यानंतर 1991 मध्ये त्या देशातील पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम काढली होती.

नाशिकपुरते बोलायचे तर तिसरे मत, म्हणजे शेतकरी चळवळीपासून आरंभ धरणारे, अधिक ग्राह्य वाटते. नोव्हेंबर 1986 मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. उपस्थितीचे आकडे लाखाच्या वर असले, तरी ते एकमेकांशी जुळत नाहीत. दारूची दुकाने बंद करणे, स्त्रियांनी पंचायतराज्याच्या निवडणुका लढवणे असे विषय तेथून पुढे आले. त्याच प्रवाहातून ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम निघाला. आरंभ सामान्यतः 1989-90 असा देतात. काही जण त्याचा संबंध थेट 1989 च्या अमरावती अधिवेशनाशी जोडतात. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात किमान 100 कुटुंबे असे करतील ते गाव ‘लक्ष्मीमुक्त’ म्हणायचे, असे त्याचे स्वरूप होते. कार्यक्रम राज्यभर झाला. त्यात हिंसेचा उच्चार क्वचितच होता. भाषा घरच्या लक्ष्मीच्या, म्हणजे बायकोच्या, ऋणातून मुक्त होण्याची होती. त्यामुळे स्त्रीहिंसेच्या अभ्यासकांनी त्याची दखल उशिरा घेतली.

जमिनीचा प्रश्न : भाषणाने पटले तरी सातबारा बदलायला तलाठ्याकडे जावे लागते. फेरफार नोंद होते, हितसंबंधीयांना नोटिसा जातात, भावकीतून हरकत येते. सामाईक खाते असेल तर भाऊ आडवा येतो, आणि म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर जमीन असेल तर नवऱ्याची कितीही इच्छा असली तरी देण्यासारखे त्याच्या हाती काही नसते. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट 1992 च्या शासन परिपत्रकाने मोकळी केली. पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घराची नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करण्याचेही आदेश निघाले. नाव लागले म्हणजे कसणे, विकणे, पिकाचा पैसा हाती येणे हे सारे बायकोकडे आले असे होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रदीप पांडा व बीना अग्रवाल यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेली केरळमधील पाहणी येथे विचारात घ्यावी लागते. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातील त्या पाहणीत जमीन व घर दोन्ही नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी 49 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले. दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होते. लक्ष्मीमुक्त गावांतील मारहाणीचा असा पद्धतशीर अभ्यास झाल्याचे आढळत नाही.

जातपंचायत : 2013 मध्ये नाशकात आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीचा तिच्या पित्यानेच खून केला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने येथून ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ सुरू केले; नाशिकचे कृष्णा चांदगुडे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. पंच बहुतेक पुरुषच असतात, दंड आकारतात, वाळीत टाकतात. अभियानात काही पंचायती पंचांनीच बरखास्त केल्या, आणि पुरुषसहभागाच्या दृष्टीने हाच भाग मोलाचा. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 मध्ये संमत होऊन जुलै 2017 पासून लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

मोजमाप : मुलग्यांबरोबरच्या कार्यक्रमांचे यश बहुधा मनोवृत्तीच्या प्रश्नावलीने मोजतात. ब्राझीलमध्ये तयार झालेली 24 विधानांची मापनश्रेणी मुंबईतील ‘यारी दोस्ती’ या उपक्रमात स्थानिक रूपात वापरली गेली. अडचण अशी, की चार सत्रांनंतर ‘योग्य’ उत्तर कोणते हे कोणत्याही चलाख मुलाला कळते. शिवाय मनोवृत्ती ही काही पुरुषांपुरती बाब नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) ‘स्वयंपाक नीट केला नाही’, ‘सासूसासऱ्यांचा मान ठेवला नाही’ अशी सात कारणे वाचून दाखवली होती. त्यांपैकी एका तरी कारणासाठी नवऱ्याने मारणे देशातील सुमारे 45 टक्के स्त्रियांना आणि 44 टक्के पुरुषांना गैर वाटले नाही. हिंसेविषयीचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जात असल्याने जिल्हावार आकडे प्रसिद्ध होत नाहीत. नाशिकच्या नावाने फिरणारी टक्केवारी म्हणूनच जपून घ्यावी.

शाळा व गाव : उच्च प्राथमिक शाळांत मुलामुलींचा मीना-राजू मंच आहे. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असते. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून द्राक्षबागांच्या कामाला मजूर जोडपी निफाड-दिंडोरीकडे उतरतात. शाळा किंवा गाव धरून आखलेल्या कार्यक्रमांत ही फिरती माणसे सहसा बसत नाहीत.

गावपातळीवर पुरुषांशी बोलणी होतात ती मुख्यतः तंटामुक्त समितीत. गावातले तंटे गावातच मिटवण्याची ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. ‘498 (सासरच्या छळाविरुद्धचे जुन्या दंडसंहितेतील कलम 498-अ) लावू नका, घरातच मिटवा’ अशी समजूत घालणे हा तेथला नेहमीचा प्रकार, आणि ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ हा ठरलेला युक्तिवाद. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 (अंमल 26 ऑक्टोबर 2006 पासून) मात्र याबाबत स्पष्ट आहे. कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण 2006 च्या नियमांप्रमाणे त्या समुपदेशनात हिंसेचे समर्थन करणारे कोणतेही कारण प्रतिवादीला मांडू दिले जात नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यावी लागते.