सुलेमानिये मशिदीतला धूर कुठे जायचा?

सोळाव्या शतकात मशिदीतला रात्रीचा उजेड म्हणजे तेलाचे दिवे, तेही शेकड्यांनी. अशा दिव्यांखाली कुठलाही घुमट काही वर्षांत काळाठिक्कर व्हायचा. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद (१५५०–१५५७) बांधताना ऑटोमन सुलतानांचा मुख्य वास्तुविशारद मिमार सिनान याने धुरालाच वाट काढून दिली. दिव्यांनी तापलेली हवा वर चढते आणि सोबत काजळी नेते. हा प्रवाह मुख्य दरवाजावरच्या एका खोलीकडे वळेल अशी त्याने योजना केली. काजळी तिथे साठायची, ती खरवडून डिंकात घोटली की शाई तयार! दिव्यावर वाटी पालथी धरून काजळ धरणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते अख्ख्या इमारतीची वाटी करण्याचं. शिवाय काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, त्यामुळे ही शाई उन्हाने सहसा विटत नाही.

घुमटाचं कोडं याहून अवघड. त्याचा व्यास साधारण २६.५ मीटर आणि जमिनीपासूनची उंची ५३ मीटर, म्हणजे दुप्पट. घुमट नुसता खाली दाबत नाही, कडेने बाहेरही रेटतो. जवळच्याच आया सोफियाचा (मूळ चर्च, पुढे मशीद झालेली जुनी इमारत) पहिला घुमट ५५८ मध्ये, उभारल्यानंतर जेमतेम २१ वर्षांनी कोसळला होता. पुढे तिला बाहेरून थोराड धिरे द्यावे लागले, त्यातले काही खुद्द सिनानने दिले.

सुलेमानियेत दोन बाजूंचा रेटा अर्धघुमट पेलतात. उरलेल्या दोन बाजूंना अर्धघुमट नाहीत. तिथे प्रचंड कमानी आणि खिडक्यांनी भरलेल्या भिंती आहेत. म्हणून तिथले धिरे सिनानने भिंतीतच मुरवले, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि त्यांच्यामधल्या जागेत खांबांचे सज्जे बसवले. पाहणाऱ्याला सज्जा दिसतो, वजन पेलणारा दगड नजरेत भरत नाही. माझ्या मते सिनानची खरी हुशारी इथे आहे. चार मिनार आणि त्यांवरच्या दहा सज्जांची (मशीद बांधवून घेणारा सुलेमान हा दहावा ऑटोमन सुलतान, म्हणून दहा, असं सांगतात) चर्चा उगाच जास्त होते.

१६६० च्या आगीत मशीद होरपळली. पहिल्या महायुद्धात तिच्या अंगणात दारूगोळा ठेवला होता, तेव्हाही आग लागली. पूर्ण डागडुजी व्हायला १९५६ उजाडलं.

सिनान मात्र इथेच थांबला नाही. ऐंशीच्या घरात असताना त्याने एदिर्ने शहरात सेलिमिये मशीद उभारली. तिथला घुमट ३१ मीटरहून रुंद आहे, आणि तो सुलेमानियेसारखा चार नव्हे, आठ खांबांवर तोललेला आहे.